शाप आणि मौन : मायकेल कीगन-डोलन यांची नृत्यरचना

डब्लिनमध्ये १९६९ साली जन्मलेल्या मायकेल कीगन-डोलन यांनी लंडनमध्ये बॅलेचे शिक्षण घेतले. पण त्यांचे खरे कर्तृत्व बॅलेच्या रूढ कथांना आयरिश ग्रामजीवनाच्या कसोटीला लावण्यात आहे. १९९७ मध्ये स्थापलेल्या ‘फॅब्युलस बीस्ट’तर्फे २००३ साली त्यांनी ‘जिझेल’ची शोकांतिका आयर्लंडच्या एका गावात घडविली.

या दृष्टीचा परिपाक ‘लॉख ना हाला’ (२०१६) या रचनेत दिसतो. ‘स्वान लेक’मधील राजपुत्र येथे जिमी हा विषण्ण ग्रामीण तरुण होतो. हंसकन्यांमागे हंस झालेल्या लीरच्या मुलांची आयरिश पुराणकथा आहे, तर जिमीच्या अंतामागे २००० साली ॲबीलारा येथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेल्या एका मनोरुग्ण तरुणाची सत्यघटना. शाप देणारा जादूगार नसून धर्मगुरू आहे. स्वतः केलेल्या अत्याचाराची वाच्यता होऊ नये म्हणून तो फिनोला व तिच्या बहिणींना हंस करतो. शाप म्हणजे लादलेले मौन, हा अर्थ मूळ बॅलेत नव्हता.

अखेरीस रंगमंच पांढऱ्या पिसांनी भरतो आणि सारे नर्तक उल्हासाने नाचतात. हा उल्हास मृत्यूवर घातलेले पांघरूण नव्हे काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. मृतदेहाशेजारी रात्रभर जागून गाणी-गोष्टी करण्याची आयरिश लोकरीत ध्यानी घेतली, म्हणजे हे नृत्य शोकाचेच रूप ठरते.