‘तोच लेखापरीक्षक’ : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यात २०१३ साली झालेल्या सुधारणेनुसार कोणत्याही संस्थेस तोच लेखापरीक्षक सलग तीन वर्षांहून अधिक काळ नेमता येत नाही. कंपनी अधिनियम, २०१३ हाही सूचीबद्ध व अन्य काही वर्गांतील कंपन्यांस अशीच मर्यादा घालतो. तेथे ती व्यक्तीस पाच व लेखापरीक्षक-संस्थेस दहा वर्षांची आहे. दीर्घ परिचयाने शंका बोथट होते, हे दोहोंमागील गृहीत यथार्थच आहे. तथापि केवळ नाव पालटल्याने परीक्षणाची गुणवत्ता वाढते काय, हा प्रश्न उरतो.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. १९५० साली प्रवरानगरास उभ्या राहिलेल्या साखर कारखान्यापासून येथे सहकाराची परंपरा आहे. साखर कारखान्यांच्या व्यवहारात ‘उचल’ हा शब्द नित्याचा. हंगामापूर्वी मुकादमामार्फत तोडणी कामगारांस दिलेली ही रक्कम पुढील श्रमातून फिटावयाची असते. ताळेबंदात मात्र ती ‘येणे’ म्हणून उतरते. ती खरोखर येणार की नाही, हे कोणाची उचल किती हंगाम मागे पडली आहे, यावर अवलंबून. नवागत परीक्षकास हे उमगण्यातच एक हंगाम सरतो. जो दहा वर्षे तेथेच आहे, त्यास ते इतके परिचित होते की त्यात विचारण्यासारखे काही उरत नाही. पहिल्यास प्रश्न सुचत नाही, दुसऱ्यास तो विचारावासा वाटत नाही.

या दोहोंमधील दुवा कायद्यानेच दिला आहे. कलम ८२ अन्वये संस्थेने दोषदुरुस्तीचा अहवाल ‘ओ’ नमुन्यात सादर करावयाचा असतो. परंतु ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’, ‘दक्षता घेण्यात यावी’ अशा शेऱ्यांची वाक्यरचना पाहावी. त्यांत कर्ता नाही, रक्कम नाही, मुदत नाही. अशा वाक्यास ‘पूर्तता केली आहे’ एवढेच उत्तर पुरते, आणि नव्या परीक्षकाच्या हाती मागील तीन वर्षांचे ज्ञान न येता केवळ कागद येतो.

हा केवळ व्याकरणाचा वाद नव्हे. १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. त्या प्रकरणी कोणास दोष देणे हा येथील हेतू नाही. परंतु हिशेबावर ठेवीदार किती विसंबलेला असतो, हे जिल्ह्याने त्या वेळी पाहिले. नागरी सहकारी बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने २०२१ सालीच तीन वर्षांची मर्यादा व त्यापुढे सहा वर्षांचा खंड विहित केला होता.

सारांश, परीक्षक पालटावा, हे युक्तच. परंतु परीक्षण तुटू नये. जाणाऱ्याने प्रत्येक शेऱ्यात रक्कम, जबाबदार अधिकारी व मुदत नोंदवावी. येणाऱ्याने आपल्या अहवालाचा आरंभ त्याच शेऱ्यांपासून करावा. ‘तोच’ हे विशेषण परीक्षकास लागू नसावे. अनुत्तरित प्रश्नास मात्र, उत्तर मिळेपर्यंत, ते अवश्य लागू असावे.