हिला हे येतं कुठून?

अंतराळातल्या साहसपटांना प्रेक्षक बरंच काही माफ करतो. निर्वात पोकळीत स्फोटांचे आवाज घुमतात, तारकामंडळांमधली अंतरं चहा निवायच्या आत कापली जातात. कुणी हरकत घेत नाही. हरकत निघते ती नायकावर. कालपर्यंत भंगार विकणारी पोरगी आज यान चालवू लागली की प्रश्न येतोच, हिला हे येतं कुठून? प्रश्न रास्त आहे. मात्र अलीकडे हॉलिवूड त्याचं उत्तर नको तिथे शोधू लागलंय.

चांगलं उत्तर जेम्स कॅमेरॉननं १९८६ मध्येच देऊन ठेवलंय. 'एलियन्स'मधली रिप्ली ५७ वर्षांच्या गोठनिद्रेतून परतते. आधीच्या भागात मालकांचं यान का उडवलं, याचं तिचं कारण चौकशीत कुणालाच पटत नाही. तिचा परवाना जातो आणि ती गोदीत माल चढवण्या-उतरवण्याचं काम धरते. पुढे सैनिकांच्या यानावर सगळे आपापल्या कामात असतात, ही मात्र बिनकामाची. माझ्याजोगं काही आहे का, असं ती सार्जंटला विचारते. तुला काय येतं, असा त्याचा सूर. रिप्ली फार बोलत बसत नाही. आत उभं राहून चालवायच्या अगडबंब मालवाहू यंत्रात शिरते, एक अवजड पेटी अलगद उचलते आणि म्हणते, कुठे ठेवू? सार्जंट खदाखदा हसतो. दृश्य संपतं, आपण ते विसरूनही जातो. शेवटी तेच यंत्र चढवून ती परग्रही जीवांच्या राक्षसी राणीसमोर उभी ठाकते, तेव्हा एकालाही शंका येत नाही. तिची पदावनती हेच तिचं हत्यार झालेलं असतं. पूर्वकथा आणि कौशल्य इतकं एकजीव झालेलं मी तरी दुसऱ्या अंतराळपटात पाहिलेलं नाही.

'स्टार वॉर्स'चा हिशेब एवढा चोख कधीच नव्हता. १९७७ च्या पहिल्या चित्रपटात ल्यूक नेमबाजीचा दाखला म्हणून गावाकडे मारलेल्या उंदरासारख्या प्राण्यांची गोष्ट सांगतो, आणि त्या बळावर त्याला थेट लढाऊ यान मिळतं. १९९९ मध्ये नऊ वर्षांचा अनाकिन चुकूनमाकून बटणं दाबत शत्रूचं अख्खं नियंत्रक जहाज उडवतो. त्यामानाने २०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स'मध्ये नायिका रेची ओळख बरीच कसून करून दिली आहे. कोसळलेल्या युद्धनौकेच्या पोटात ती दोरावरून उतरते, सुटे भाग घासूनपुसून बाजारात नेते आणि चिमूटभर अन्नाच्या बदल्यात ते देऊन टाकते. यंत्रांची तिची जाण हातांतून आलेली दिसते. शेवटच्या द्वंद्वात तिचा प्रतिस्पर्धी आधीच जबर जखमी आहे, हेही दाखवलंय. तरी प्रेक्षकांचा सगळा राग रेवरच निघाला. त्यात मुलगी असण्याचा वाटा नव्हता, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल.

रेच्या बाबतीत खरी खोट वेगळीच आहे. तिला हरण्याची किंमत मोजावी लागत नाही. ल्यूक पुढच्याच भागात गुरूचं न ऐकता लढायला धावतो आणि हात गमावून बसतो; त्यानंतरचं त्याचं बळ आपल्याला पटतं. रेच्या वाट्याला असा धडा येत नाही. आणि हे जाणवल्यावर निर्मात्यांनी केलं काय? २०१७ च्या भागात तिचे आईबाप कुणी सामान्य माणसं होती, असं धाडसानं सांगितलं होतं. २०१९ मध्ये ते पुसून तिला जुन्या सम्राटाची नात ठरवलं. म्हणजे वाळवंटातली सगळी मेहनत फुकट. पराक्रम शेवटी रक्तातूनच! घराण्याचा दाखला जोडला की कौशल्याचा पुरावा द्यावा लागत नाही, हा समज आपल्याला अनोळखी नाही, म्हणूनच तो जास्त खटकतो.

उलट टोकाची चूक याच मालिकेतल्या 'सोलो'नं केली. हान सोलोचं आडनाव कुठून आलं, हेदेखील एका भरती अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकवायचा अट्टहास कशासाठी? नायकाची प्रत्येक सवय उलगडून दाखवली की त्याचा रुबाब उतरतो.

या दोन्ही टोकांपासून 'ग्रॅव्हिटी' दूर राहतो. त्यातली रायन स्टोन मुळात डॉक्टर. प्रशिक्षणातल्या नकली यानात ती दरवेळी आपटलेली आहे, आणि हे ती स्वतःच कबूल करते. त्या कबुलीमुळेच तिची प्रत्येक धडपड अस्सल वाटते. 'आर्मागेडन'वाल्यांनी मात्र तेलविहिरी खोदणाऱ्यांना जेमतेम काही दिवसांत अंतराळवीर करून टाकलं होतं. खोदणाऱ्यांना उडायला शिकवण्यापेक्षा अंतराळवीरांना खोदायला शिकवणं सोपं नव्हतं का, ही शंका खुद्द त्यातल्या बेन ॲफ्लेकला आली. दिग्दर्शक मायकेल बेनं त्याला गप्प बसायला सांगितलं, असा किस्सा ॲफ्लेकनंच सांगितलाय.

आपल्याकडेही २०१८ च्या तमिळ 'टिक टिक टिक'मध्ये हातचलाखी करणाऱ्या चोराला लघुग्रहाच्या मोहिमेवर धाडलं गेलं. मात्र आता भारतीय प्रेक्षकाला असं फसवणं पूर्वीइतकं सोपं नाही. गगनयानासाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे वैमानिक आहेत. त्यांच्यातले शुभांशु शुक्ला प्रत्यक्ष उड्डाणापर्यंत पोहोचायला २०२५ उजाडलं. निवडीनंतरची बरीच वर्षं रशियातल्या आणि भारतातल्या सरावात गेली. यावर हिंदीत चित्रपट निघेल तेव्हा ही सगळी वर्षं एका गाण्यात उरकतील, अशी मला धास्ती आहे.