घडीचे फर्निचर आणि घरातील वेळ : रेवस ते वरळी

अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला, धरमतर खाडीच्या मुखाशी रेवस बंदर आहे. भाऊच्या धक्क्याहून सुटणाऱ्या लाँचमुळे हा परिसर मुंबईशी जोडला गेला आणि कामधंद्यासाठी मुंबई गाठणाऱ्या अनेक पिढ्यांनी ही वाट वापरली. त्यामुळे कमी जागेतील बहुउपयोगी फर्निचरचा विचार करताना येथील घर आणि मुंबईतील खोली शेजारी ठेवून पाहणे सयुक्तिक ठरते. गृहसजावटीवरील प्रचलित लेखन मात्र बहुधा भिंतीत मिटणारा पलंग व सोफा-कम-बेड यांपासूनच आरंभ करते. जणू त्यापूर्वी येथे कोणी लहान जागेत राहिलेच नव्हते.

किनाऱ्यावरील जुन्या घराच्या माजघरात सामान थोडे असे. पाट, चटई, कपड्यांची दांडी, अंथरुणांची चळत पेलणारी घडवंची आणि बसण्याच्याही उपयोगी पडणारा पेटारा एवढ्यावर दिवस निभावे. जेवणे, धान्य निवडणे, पाहुण्यांना बसवणे व निजणे हे सारे एकाच जमिनीवर पार पडे. रेवस-बोडणीकडील मासेमारी नौकांचे तत्त्वही फार वेगळे नाही : फळ्यांखाली बर्फ व मासळी, फळ्यांवर खलाशांचे जेवण आणि झोप. या व्यवस्थेत बहुउपयोगी असे ते पृष्ठभाग. वस्तू साध्या व हलक्या राहत.

तथापि या साधेपणाचे गुणगान करणारे एक गोष्ट सहसा नजरेआड करतात. अंथरुणे घालणे व काढणे, जमीन पुसणे, पाट मांडणे हे श्रम रोजचे होते आणि ते प्रामुख्याने स्त्रियांच्या वाट्याला येत. गुडघे धरलेल्या वृद्धाला जमिनीवरून उठणे किती जड जाते, हेही त्या गुणगानात बसत नाही. म्हणूनच पलंग-टेबल ही चैन नव्हे.

प्रश्न निराळ्याच ठिकाणी आहे. बहुउपयोगी वस्तू जागा वाचवते असे म्हटले जाते, परंतु वस्तुतः ती घरातील वेळेची वाटणी करते. पलंग उघडा असेल तर टेबल नाही. टेबल हवे असेल तर निजलेल्याने उठले पाहिजे. हाँगकाँगचे वास्तुविशारद गॅरी चांग यांचे घर या संदर्भात वारंवार दाखवले जाते. सुमारे 32 चौरस मीटरच्या जागेत सरकत्या भिंतींच्या आधारे 24 प्रकारच्या रचना त्यांनी साधल्या. कल्पकतेविषयी दुमत नाही. मात्र याच जागेत पूर्वी आई-वडील व बहिणींसह त्यांचे सहाजणांचे कुटुंब राहत होते, आणि सरकत्या भिंतींची ही किमया ते एकटे राहू लागल्यावर घडली, हा तपशील कौतुकात मागे पडतो. एका माणसाच्या गरजा एकामागून एक येतात. सहाजणांच्या गरजा एकाच वेळी उभ्या राहतात.

गिरणगावाने हे गणित फार आधी सोडवले होते, अर्थात नाइलाजाने. एकाच गाळ्यात निरनिराळ्या पाळ्यांचे कामगार आळीपाळीने झोपत. एकाची पाळी सुरू झाली की त्याची जागा दुसऱ्याला मिळे. 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे उभ्या राहिलेल्या बीडीडीच्या 207 चाळींतील खोली सुमारे 160 चौरस फुटांची. लोखंडी खाट, तिच्याखाली ट्रंका, वर माळा, आडवी दोरी. तरीही केवळ सामानाच्या हुशारीवर तो संसार चालला असे म्हणता येणार नाही. खोलीत न मावणारे निजणे, अभ्यास, गप्पा व वाळवण सामाईक व्हरांड्याने सामावून घेतले.

पुनर्विकासात या रहिवाशांना 500 चौरस फुटांची घरे मिळत आहेत. वरळीतील पहिल्या 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025 मध्ये देण्यात आल्या. स्वतःचे शौचालय असलेल्या या घराचे मोल सामाईक शौचालयापुढे रांगा लावलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. परंतु व्हरांड्याचे काम आता घराच्या आतच करावे लागेल. दहावीचा विद्यार्थी, रात्रपाळीहून परतलेला मुलगा व आजारी आजी यांना एकाच वेळी जागा देऊ शकेल, अशा फर्निचरचा येथे विचार व्हायला हवा. त्या कसोटीवर भिंतीत मिटणारा दुहेरी पलंग कमी पडतो. सुटे, हलके, एकावर एक रचता येणारे सामान अधिक उपयोगी ठरते.

याबाबतीत मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की यांचे 1926 चे फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर अजूनही शिकवण्याजोगे आहे. सुमारे साडेसहा चौरस मीटरच्या त्या जागेत मिटणारा इस्त्रीचा फळा होता. पण आखणीचा पाया होता तो काम करणाऱ्या बाईची पावले व वेळ मोजण्याचा. ती जागा एकाच व्यक्तीसाठी आखली गेल्याने स्वयंपाक तिच्या एकटीवरच पडतो, हा आक्षेप पुढे घेतला गेला व तो रास्त होता. तरी श्रम मोजण्याची शिस्त तेथे होती. आजच्या जाहिरातीत वाचलेले चौरस फूट असतात. पलंग रोज कोण उघडणार, गादी कोण उचलणार, याची नोंद नसते.

मांडव्याची रो-रो सेवा (2020) आणि अटल सेतू (2024) यांनंतर अलिबाग किनाऱ्याकडे घरे घेणाऱ्यांचा ओढा वाढला आहे, आणि हेच मुंबईचे फर्निचर खाडी ओलांडून येत आहे. खाऱ्या हवेत लोखंडी बिजागऱ्या गंजतात, पावसाळ्यात भुशाच्या दाबलेल्या फळ्या फुगतात, आणि एक कळ अडकली की पलंग भिंतीतच राहतो. फणसाच्या लाकडाची, खिट्टीवर जोडलेली घडवंची गावातला सुतार दुपारभरात नीट करून देतो. गॅसच्या दांड्यावर उचलल्या जाणाऱ्या पलंगाचा सुटा भाग मात्र मुंबईहूनच मागवावा लागतो.