'उचल्या' आणि स्वभावाचा दोष

मूल वाईट वळणास लागले म्हणजे आपण दोनपैकी एक निकाल देऊन मोकळे होतो : "त्याचा स्वभावच तसा", किंवा "त्याची संगतच तशी". पहिल्या निकालाने ठपका रक्तावर येतो, दुसऱ्याने शेजाऱ्यावर. निकाल देणारा मात्र दोन्हीकडून सुटतो. श्री. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे १९८७ साली प्रसिद्ध झालेले व १९८८ साली साहित्य अकादमीने गौरविलेले आत्मकथन या दोन्ही निकालांस पुरून उरणारे आहे. म्हणूनच ते पुन्हा वाचावे, असे आम्हांस वाटते.

लातूरकडील धनेगावच्या एका उचल्या कुटुंबाची ही कथा आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची प्रथा पाडली. स्वतंत्र भारताने १९५२ साली त्या जमातींस या शिक्क्यातून मुक्त केले खरे. परंतु पोलिसांच्या व गावकऱ्यांच्या मनातला कायदा कोण रद्द करणार? या घरात चोरी हा दुर्गुण नसून पोटाचा धंदा आहे, आणि प्रत्येक धंद्याप्रमाणे त्यासही उमेदवारी आहे. हात चपळ हवा, चेहरा कोरा हवा आणि मार कितीही बसला तरी साथीदाराचे नाव ओठांवर येता कामा नये.

ग्लुक दांपत्याने १९५० साली बॉस्टनमधील पाचशे गुन्हेगार मुले व पाचशे इतर मुले यांची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या गटात त्यांस अस्वस्थपणा, उतावीळपणा, साहस व बेदरकारी अधिक आढळली. स्वभावाचा गुन्ह्याशी काहीच संबंध नाही, असे म्हणणे म्हणूनच भाबडेपणाचे होईल. परंतु 'उचल्या'तील मुलाकडे पाहावे. बापाने त्यास शाळेत घातले, तेव्हा जमातीलाच ते रुचले नाही. मुले आजारी पडली, त्याचे खापरही या शाळेच्या माथी फुटले. शाळेत हेटाळणी, घरी भूक, बाहेर पोलीस. तरी मूल हटले नाही. ज्या चिवटपणाने एखादा निर्ढावलेला चोर घडला असता, त्याच चिवटपणाने येथे विद्यार्थी घडला, आणि पुढे कामगारांसाठी भांडणारा कार्यकर्ता. गुण तोच, त्यास वाट निराळी मिळाली.

ग्लुक यांचेच जुने कागद पुढे सॅम्पसन व लॉब यांनी नव्याने तपासले आणि १९९३ साली आपला निष्कर्ष मांडला : पुढील आयुष्यात स्थिर काम व जिव्हाळ्याचा संसार लाभला, की त्या मुलांपैकी अनेकांचा मार्ग पालटला. स्वभाव हा कल आहे, शिक्षा नव्हे.

ग्रंथात उणीव नाही असे नाही. लेखक आपल्यावर काय गुदरले ते विलक्षण प्रामाणिकपणे सांगतो. आपल्या आत काय घडले, ते क्वचितच सांगतो. एकाच चुलीवरचे अन्न खाऊन वाढलेल्यांपैकी एकाने वाट बदलावी व दुसऱ्याने बदलू नये, असे का? येथे वाचकाची जिज्ञासा अपुरी राहते. उत्तरार्धात तर चळवळीचा वृत्तान्त आत्मशोधावर मात करतो. तथापि परिस्थितीलाच सर्वस्वी जबाबदार धरून माणसाचे कर्तृत्व शून्य करावे, हा मोह ग्रंथाने टाळला आहे. बापाने घेतलेला तो एक निर्णय कोणत्याही परिस्थितीच्या हिशेबात बसत नाही.

हा प्रश्न मराठवाड्यापुरता नाही. गणेशपुरीस उष्ण कुंडांत स्नान व नित्यानंदांच्या समाधीचे दर्शन यांसाठी आपल्यापैकी अनेक कुटुंबे जातात. त्याच भिवंडी तालुक्यात वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे राबतात. काताचा धंदा व जंगल हातचे गेलेल्या या जमातीवरही इंग्रजी अमदानीत गुन्हेगारीचा शिक्का बसला होता. भट्टीवरील 'भोंग्या'त, म्हणजे विटा रचून केलेल्या खोपटात, मूल वाढते. त्याच्यासाठी विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच 'भोंगाशाळा' काढल्या. अशा शाळेत मूल बसले, की त्याच्या चपळाईस आपण हुशारी म्हणतो. तेच मूल देवळाबाहेर घुटमळले, की आपण पिशवी सावरतो.

आज या भेदास कायद्याचेही वजन आले आहे. २०१५ च्या कायद्यानुसार सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्यास प्रौढासारखे न्यायालयापुढे उभे करावे की नाही, हे ठरविण्यापूर्वी बाल न्याय मंडळास त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेची प्राथमिक पाहणी करावी लागते. गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हेही मंडळाने पाहावे, असे तोच कायदा सांगतो. हे दुसरे पाहणे म्हणजे काय, ते 'उचल्या'ने मराठी वाचकास पूर्वीच दाखविले आहे. ज्या घरात वाढती मुले आहेत, त्या घरात हा ग्रंथ असावा. मुलांनी तर तो वाचावाच, परंतु त्यांच्या आधी वडीलधाऱ्यांनी वाचावा.