‘मिस्टेक’चे तागालोग रूपांतर : एका शब्दाची चिकित्सा

भाषांतराच्या अडचणींचा विचार करताना आपले लक्ष बहुधा तत्त्वज्ञानातील परिभाषेकडे किंवा काव्यातील श्लेषाकडे जाते. नित्य व्यवहारातील साधे शब्द कोशाच्या हवाली करून अभ्यासक पुढे जातो. ही निश्चिंती कितपत सार्थ आहे, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात इंग्रजीतील ‘मिस्टेक’ हा एकच शब्द घेतला आहे. फिलिपाइन्समधील तागालोग भाषेत तो नेताना भाषांतरकाराला नुसता प्रतिशब्द शोधून भागत नाही, त्याला निवाडा द्यावा लागतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

‘मिस्टेक’चे मूळ प्राचीन नॉर्स भाषेत आहे आणि त्याचा मूलार्थ ‘चुकीने घेणे’ असा होता. एका वस्तूच्या जागी दुसरी उचलली, एवढाच त्याचा आशय. हा समजुतीचा दोष झाला, हेतूचा नव्हे. पुढे या शब्दाचे क्षेत्र इतके विस्तारले की शाळकरी मुलाच्या गणितातील चुकीपासून मुत्सद्द्याच्या घातक निर्णयापर्यंत सर्व काही त्यात सामावू लागले. परंतु हेतूविषयीचे मूळचे मौन त्याने सोडले नाही. म्हणूनच ज्याला जबाबदारी अर्धीच स्वीकारावयाची आहे, त्याला हा शब्द फार सोयीचा वाटतो.

तागालोगमध्ये यासाठी प्रथम पुढे येतो तो ‘माली’ हा शब्द. उत्तर चुकले, पत्ता चुकला, गणना चुकली, अशा ठिकाणी तो निर्वेधपणे चालतो. त्यापासून ‘कामालिआन’ आणि ‘पागकाकामाली’ ही नामे सिद्ध होतात. ‘नागकामाली आको’ म्हणजे ‘मी चुकलो’. या क्रियारूपाची घडण लक्षणीय आहे. ‘साकित’ म्हणजे आजार. त्यापासून ‘नागकासाकित’, म्हणजे ‘आजारी पडला’, हे रूप ज्या उपसर्गाने होते, त्याच उपसर्गाने ‘नागकामाली’ हे रूप झाले आहे. आजार जसा माणसाला जडतो, तशीच चूकही त्याला जडते, अशी ही रचना सुचविते. मराठीत ‘मी चूक केली’ आणि ‘माझ्या हातून चूक झाली’ यांत जे अंतर आहे, त्याचा येथे सहज प्रत्यय येईल.

दुसरा शब्द ‘साला’ आणि त्यापासून झालेले ‘कासालानान’ हे नाम. याची क्रिया ‘नागकासाला’ त्याच उपसर्गाने होते. तेव्हा भेद प्रत्ययाचा नसून धातूचा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ‘कासालानान’चा अर्थ पाप असाही होतो आणि दोष किंवा अपराध असाही होतो. रस्त्यावरील भांडणात ‘दोष तुझा आहे’ असे म्हणावयाचे असेल, तरी हाच शब्द येतो. मनिला येथे 1593 साली छापलेल्या ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ या धर्मपुस्तकातही पापासाठी हाच शब्द आहे. इंग्रजीत ‘फॉल्ट’ आणि ‘सिन’ ही दोन वेगळी घरे आहेत. तागालोगमध्ये ती एकाच छपराखाली आहेत.

या शब्दाचा गोत्रसंबंध पाहिला म्हणजे प्रश्न अधिक स्पष्ट होतो. तागालोग ‘साला’ आणि मलाय ‘सालाह’ हे सगोत्र शब्द होत. मलायमध्ये ‘सालाह’ हा आजही साध्या चुकीचा शब्द आहे. पापासाठी मलाय भाषेने संस्कृतातील ‘दोष’ हा शब्द घेतला आणि त्याचे ‘दोसा’ असे रूप केले. तोच शब्द तागालोगमध्ये ‘दूसा’ या रूपाने गेला, पण तेथे त्याचा अर्थ झाला यातना. कारणाचे नाव फळाला मिळाले. अशा रीतीने मलायमध्ये चुकीचा असलेला शब्द तागालोगमध्ये पापाचा झाला आणि मलायमध्ये पापाचा असलेला शब्द तागालोगमध्ये दुःखाचा झाला. या स्थित्यंतराला स्पॅनिश धर्मोपदेशकांनी शब्दांना दिलेले नवे वजन कारण झाले असावे, हे अनुमान संभवनीय वाटते. मात्र सर्व श्रेय त्यांनाच देणे अतिरेकाचे होईल.

तिसरा शब्द ‘पागकुकुलांग’. ‘कुलांग’ म्हणजे उणे, अपुरे. जे करावयास हवे होते ते झाले नाही, ही उणीव या शब्दाने दाखविली जाते. येथे चुकीची कल्पना कृतीवरून अकृतीवर सरकते.

येथे असा आक्षेप घेता येईल की, पर्यायी शब्द प्रत्येक भाषेत असतात. मग यात नवल ते काय? नवल शब्दांच्या संख्येत नाही, सीमारेषा कोठे पडतात यात आहे. याचे प्रत्यंतर राजकारणात मिळते. 2004 च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतमोजणी चालू असता आपण एका निवडणूक अधिकाऱ्याशी बोललो, अशी कबुली अध्यक्षा ग्लोरिया माकापागाल आरोयो यांनी 27 जून 2005 रोजी दूरचित्रवाणीवरून दिली. त्या कृतीला त्यांनी ‘लॅप्स इन जजमेंट’ असे इंग्रजी नाव दिले. हे शब्द तागालोगमध्ये कसे उतरवावेत? ‘पागकाकामाली’ म्हटले तर अध्यक्षा केवळ चुकल्या. ‘पागकुकुलांग’ म्हटले तर त्या कर्तव्यात उण्या पडल्या. ‘कासालानान’ म्हटले तर त्या दोषी ठरल्या आणि विरोधकांचा आरोप भाषांतरकारानेच मान्य केला, असे होते. मूळ इंग्रजी शब्दांनी जो निर्णय लांबणीवर टाकला होता, तो तागालोगमध्ये टाळता येत नाही.

यावरून कोशरचनेविषयी एक सूचना करावीशी वाटते. ‘मिस्टेक’पुढे तीन-चार शब्द स्वल्पविराम देऊन मांडले म्हणजे ते परस्परांच्या जागी चालतात, असा भ्रम विद्यार्थ्याच्या मनात निर्माण होतो. त्याऐवजी प्रत्येक शब्दाबरोबर तो चुकणाऱ्यावर किती भार ठेवतो, हे वाक्यासह नोंदविले पाहिजे. आपल्या इंग्रजी-मराठी कोशांनाही ही कसोटी लावून पाहावी. ‘चूक’, ‘दोष’, ‘प्रमाद’, ‘अपराध’ हे शब्द आपण एका ओळीत बसवितो. पण नेम चुकतो, वाट चुकते, तेव्हा कोणी अपराधी नसतो. उलट, अपराधाला ‘चूक’ म्हटले की अपराध्याचा भार हलका होतो आणि ज्याची हानी झाली त्याच्या तक्रारीचे वजन घटते. असा शब्द निवडणारा भाषांतरकार तटस्थ राहिला, असे म्हणता येणार नाही.