मानवी मनोरा आणि क्रीडेची कसोटी

श्रम, धोका व कौशल्य असले की कोणताही प्रकार क्रीडा ठरतो, असे मत वारंवार मांडले जाते. गोपाळकाल्याच्या दिवशी जळगाव-धुळ्याच्या चौकांत थर रचणारे गोविंदा पाहिले म्हणजे ते पटूही लागते. परंतु हे तिन्ही गुण विहीर खणणाऱ्यापाशीही असतातच!

स्पर्धात्मक चिअरलीडिंग हा असाच मनोऱ्यांचा व कसरतींचा पाश्चात्त्य प्रकार. अमेरिकेतील क्विनिपिॲक विद्यापीठाने २००९ साली स्त्रियांचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्या जागी चिअरलीडिंगचा संघ उभा करण्याचे ठरविले, तेव्हा खेळाडू न्यायालयात गेल्या. २०१० च्या निर्णयात न्यायाधीश अंडरहिल यांनी चिअरलीडिंग करणाऱ्या मुलींचे कसब नाकारले नाही. एकसारखे नियम व सुसंघटित स्पर्धाक्रम यांचा अभाव तेवढा दाखविला. हे विवेचन मला मार्मिक वाटते, कारण नावाच्या वादामागे तेथे दुसऱ्याच्या हक्काचा प्रश्न होता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता चिअरलीडिंगच्या जागतिक संघटनेस पुढे २०२१ मध्ये मिळाली.

आपल्याकडे क्रम उलटा आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा आणि गोविंदांना शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के क्रीडा-आरक्षणाचा लाभ जाहीर केला. या जागा मर्यादित आहेत. गुणांकनाच्या चाळणीतून गेलेल्या मल्लखांबपटूशी गोविंदाची तुलना कोणत्या मापाने करावयाची? थरांच्या संख्येने, की बक्षिसाच्या रकमेने? २०२३ मध्ये प्रो गोविंदा स्पर्धा सुरू झाली, हे खरे. पण चौकातील हंडीचा क्रम अद्याप बहुधा आयोजकच ठरवितात.