कोरा कागद आणि 'मी' : मुख्तार माई यांचे आत्मकथन

मराठी समीक्षेत रूढ झालेली 'आत्मकथन' ही संज्ञा मुख्तार माई यांच्या ग्रंथास शब्दशः लागू पडते. तो लिहिलेला नव्हे, सांगितलेला आहे. पाकिस्तानी पंजाबातील मीरवाला गावी जून २००२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांचे सराइकी कथन मारी-तेरेज क्यूनी यांनी फ्रेंचमध्ये शब्दबद्ध केले व ते २००६ साली प्रसिद्ध झाले. ग्रंथातील 'मी' असा परक्या हातांतून आलेला असल्याने त्याची अस्सलता उणावते, हा आक्षेप प्रस्तुत लेखकास वरवरचा वाटतो. निरक्षर फिर्यादीकडून पोलीस कोऱ्या कागदावर अंगठा घेतात, हा प्रसंग येथे केंद्रस्थानी मानावा लागेल. आपली जबानी दुसऱ्याने लिहिण्यातला धोका निवेदिकेइतका कोणाला ठाऊक असणार? म्हणूनच अत्याचाराचे वर्णन त्रोटक राहते आणि ठाणे, न्यायालय, नुकसानभरपाईतून उभारलेली शाळा यांना विस्तार मिळतो. त्या शाळेत त्या स्वतःही अक्षरे गिरवतात. २००२ मध्ये दोषी ठरलेल्या सहांपैकी पाच जणांना लाहोर उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मुक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो निर्णय कायम केला. ग्रंथ त्यापूर्वीच संपतो. आजचा वाचक मात्र हा निकाल जाणूनच त्याचे पहिले पान उघडतो.